नकाशाचा उंबरठा

होसकोटे हे नाव महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या कानी क्वचितच पडले असेल. बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस निघावे, म्हणजे सुमारे २५ किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव लागते. कानडीत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. किल्ल्याचे नवेपण केव्हाच सरले. नाव मात्र नवेच राहिले आहे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत हे ठाणे होते. पुढे ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीचे मुरारराव घोरपडे येथे तळ देऊन असता हैदरअलीने त्यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला, आणि मराठ्यांनी तो परतवून लावला. इंग्रजांच्या कागदपत्रांत या प्रसंगाची नोंद ‘ऊसकोटा’ अशा काहीशा चमत्कारिक नावाने झालेली आहे. आज येथे कारखाने आहेत, मालमोटारींची अखंड रांग आहे, आणि पहाटे चार वाजता बिर्याणी खाण्यासाठी बंगळूरहून मोटारी घेऊन येणारी तरुण मंडळी आहेत. सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम काही काळापासून या गावी आहे.

माझा एक भाचा आमच्याकडे राहून अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. गेल्या वर्षी त्याने एक उद्योग आरंभिला. होसकोटे हे दक्षिण पिनाकिनी नदीच्या काठचे, तळ्यांचे गाव. एका तळ्याचा सांडवा दुसऱ्या तळ्यात उतरतो, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशी या मुलखातील जुनी रचना आहे. सांडव्याला इकडे ‘कोडी’ म्हणतात. कोणत्या तळ्याचे पाणी कोठे जाते, कोणती वाट बुजली आहे, कोणत्या कोडीवर घरे उभी राहिली आहेत, हे सारे त्याने चार रविवार पायपीट करून वहीत टिपून आणले. आता हे इंटरनेटवरील नकाशात मांडावयाचे, म्हणजे कोणासही आपल्या मोबाइलवर पाहता येईल, एवढेच काम उरले होते. “मामा, एका संध्याकाळचं काम आहे,” असे तो मला म्हणाला. त्यास अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहून जे पाहिले, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम या नकाशाचे यंत्र कसे चालते ते थोडक्यात सांगतो. इंटरनेटवरील नकाशा हा एकसंध कागद नव्हे. तो चौकोनी फरशांचा बनलेला असतो. सर्वांत दुरून पाहिल्यास सारी पृथ्वी एका फरशीवर मावते, आणि त्या फरशीची बाजू २५६ ठिपक्यांची असते. एक पायरी जवळ गेलो की त्या एकीच्या चार होतात, आणखी एक पायरी जवळ गेलो की सोळा. अठराव्या पायरीवर, जेथे गल्लीतील घरे वेगळी दिसू लागतात, तेथे साऱ्या जगासाठी ६,८७१ कोटींहून अधिक फरशा लागतात. आपण बोटाने नकाशा सरकवतो तेव्हा त्यांपैकी नेमक्या कोणत्या दहावीस फरशा मागवावयाच्या, त्या कोठे बसवावयाच्या, जुन्या केव्हा काढून टाकावयाच्या आणि त्यांवर आपली खूण कोठे उमटवावयाची, हे सारे कोणीतरी करावे लागते. ते करणाऱ्या तयार आज्ञांच्या संचास प्रोग्रॅमर मंडळी ‘लायब्ररी’ म्हणतात. नाव ग्रंथालयाचे असले तरी वस्तू सुताराच्या हत्यारपेटीसारखी आहे. पेटी दुसऱ्याने भरून ठेवलेली. आपण फक्त उघडावी आणि हवे ते हत्यार घ्यावे.

अशा पेट्या पैसे मोजून मिळतात, तशा मुक्तही मिळतात. मुक्त याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. हत्यार कसे घडवले ते पाहावे, त्यास आपली मूठ बसवावी, आणि सुधारलेले हत्यार पुन्हा दुसऱ्यास द्यावे, अशी तेथे मुभा असते. नकाशांच्या बाबतीत अशा तीन पेट्या विशेष प्रसिद्ध आहेत. ओपनलेयर्स ही २००६ साली लोकांपुढे आली. ती सर्वांत जुनी आणि सर्वांत भरलेली. लीफलेट ही २०११ साली आली. युक्रेनमधील कीव्हचा प्रोग्रॅमर व्होलोदिमिर अगाफोनकिन हा तिचा कर्ता. मॅपलिब्रे ही धाकटी. एका कंपनीने आपल्या नकाशा-लायब्ररीचा मुक्त परवाना २०२० च्या डिसेंबरात मागे घेतला, तेव्हा आधीच्या मुक्त आवृत्तीवरून अनेकांनी मिळून ती पुढे चालवली. फरशांचा साठा पुष्कळदा ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या लोकनकाशातून येतो. तोही हजारो स्वयंसेवकांनी रस्ता-रस्ता, पाऊलवाट-पाऊलवाट करून भरलेला आहे.

आता कोणी विचारील की, नकाशा काढणे सोपे झाले किंवा अवघड राहिले, याने कोणाचे काय अडते? याचे उत्तर याच परिसराच्या इतिहासात आहे. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०० साली बंगळूरजवळ जमिनीवर साखळी टाकून पायारेषा मोजली, आणि पुढे १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला. साडेसात मैलांची ती एक रेषा मोजावयास ५७ दिवस लागले. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना ते आदळले, तेव्हा लॅम्टन तंबूत स्वतःस कोंडून घेऊन सहा आठवडे ते सरळ करीत बसला होता. हा मनुष्य १८२३ साली आपल्या हिंगणघाटास वारला. त्याची कबर तेथे आहे. नकाशा काढणे म्हणजे त्या काळी हत्ती, तंबू, पलटण आणि सरकारी खजिना. सामान्य रयतेचे काम एवढेच, की साहेबाने झेंडी रोवली तर ती उपटू नये.

सरकारची ही मक्तेदारी स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे टिकली. सरहद्दीचे आणि किनाऱ्याचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसास सहजी मिळत नसत. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भारत सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि काही संवेदनशील बाबी वगळता भारतीय नागरिकांस व संस्थांस नकाशे तयार करण्यासाठी आगाऊ परवानगीची गरज उरली नाही. म्हणजे कायद्याचे दार उघडले. यंत्राचे ओझे तर त्यापूर्वीच खिशातील मोबाइलइतके हलके झाले होते. मग माझ्या भाच्यास अकरा दिवस का लागले? दार उघडे होते, पण उंबरठा उंच होता, आणि ज्यांनी घर बांधले ते आतच राहत असल्याने त्यांस उंबरठ्याची उंची ठाऊक नव्हती.

पहिल्या दिवशी त्याचा पडदा कोरा राहिला. आज्ञा बरोबर, इंटरनेट चालू, कोठे चुकीचा संदेश नाही. आणि पडदा कोरा. कारण असे निघाले की, वेबपृष्ठावर नकाशासाठी जी चौकट राखून ठेवावी लागते तिची उंची सांगितली नसेल तर ती शून्य धरली जाते. शून्य उंचीच्या चौकटीत नकाशा यथासांग काढला गेला होता! लीफलेटच्या पहिल्या धड्यात हे एका वाक्यात सांगितलेले आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु ते वाक्य ज्यास आधीच ठाऊक आहे त्यालाच ते दिसते. दुसऱ्या दिवशी फरशा उमटल्या, पण लग्नघरातील पत्रावळींसारख्या अस्ताव्यस्त. नकाशाच्या मांडणीचे नियम एका वेगळ्या फायलीत असतात, ती जोडावयाची राहिली होती. या दोन खोड्यांत चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी मात्र मोठी मौज झाली. भाच्याने आपल्या एका वडील विद्यार्थ्याच्या सल्ल्यावरून ओपनलेयर्स घेतली, होसकोट्याचे रेखांश-अक्षांश लिहिले, आणि पडदा काठोकाठ निळा झाला. “मामा, तळं सापडलं,” तो म्हणाला, “पण गाव कुठं गेलं?” आम्ही दोघे त्या तळ्याचा काठ शोधू लागलो. बोट दुखेपर्यंत सरकवले तरी काठ येईना. तेव्हा पायऱ्या उतरून दूर जाऊन पाहिले, तो आम्ही आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात होतो.

याचे कारण असे. होसकोटे हे अंदाजे १३ पूर्णांक ०७ शतांश उत्तर अक्षांशावर आणि ७७ पूर्णांक ८० शतांश पूर्व रेखांशावर आहे. परंतु ओपनलेयर्स ही निराळ्या वळणाची लायब्ररी. ती आकडे अंशांत आहेत असे धरीत नाही. वेगळे न सांगितल्यास मीटरांत धरते. तेव्हा तिने शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जेथे मिळतात तेथून ७८ मीटर पूर्वेस आणि १३ मीटर उत्तरेस आमचे गाव वसवले. जगभरातील नवशिक्यांची इतकी गावे त्या एका बिंदूवर येऊन बुडाली आहेत, की नकाशावाल्यांनी त्या जागी ‘शून्य बेट’ नावाचे एक काल्पनिक बेटच मानले आहे. अंशांचे मीटर करणारी आज्ञा त्याच पेटीत आहे. ती कोठे आहे ते सांगणारा कोणी नव्हता, इतकेच.

मग त्याने लीफलेट घेतली. पुन्हा निळे पाणी! या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. लगेच दूर जाऊन पाहिले. होसकोटे आता उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या ताब्यातील स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रात होते. आकडे उलटे पडले होते. आपण शाळेत ‘अक्षांश-रेखांश’ असे म्हणतो. लीफलेटही तोच क्रम पाळते. परंतु भौगोलिक माहिती साठवण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे तीत रेखांश आधी येतो, कारण आलेख काढणारे आडवे अंतर आधी मोजतात. ओपनलेयर्स आणि मॅपलिब्रे यांचाही क्रम तोच. भाच्याने वहीतील माहिती एका पद्धतीच्या फायलीत घातली आणि तेथून आकडे जसेच्या तसे उचलून दुसऱ्या पद्धतीच्या आज्ञेत लिहिले. दोन्ही क्रम आपापल्या ठिकाणी समर्थनीय आहेत. त्यांच्या मधल्या फटीत आमचे गाव पडले.

येथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती आपल्या देशापुरती महत्त्वाची आहे. अक्षांश कधी ९० च्या वर जात नाही. म्हणून टोकियोच्या मुलाने आकडे उलटे लिहिले, तर १३९ हा अक्षांश असूच शकत नाही हे यंत्रास ओळखता येते. मॅपलिब्रे असा आकडा पाहताच स्पष्ट नकार देते, आणि मूल पाच मिनिटांत चूक दुरुस्त करते. परंतु भारताचा बहुतेक भूभाग ६८ ते ९० रेखांशांच्या दरम्यान आहे. आपले उलटे आकडे अगदी कायदेशीर दिसतात. मुंबई उलटी लिहिली तर ती नॉर्वे आणि बेअर बेट यांच्यामधील समुद्रात मुकाट्याने जाऊन बसते; पुण्याचीही गत फारशी वेगळी नाही. गुवाहाटीपाशी रेखांश ९० ओलांडतो, म्हणून तेथील मुलास निदान या एका बाबतीत संरक्षण आहे. जी चूक जपानमध्ये यंत्र पकडते तीच चूक महाराष्ट्रात यंत्र पोटात घालते. लायब्ररी घडवणारे लोक दुष्ट नाहीत. त्यांच्या अंगणातून हे दिसत नाही, एवढेच. लीफलेटचा पहिला धडा लंडनच्या नकाशावर दिलेला आहे. तेथवर सारे सुरळीत चालते. शिकणारा लंडन पुसून आपले गाव लिहितो, तेव्हा समुद्र सुरू होतो.

यावर उपाय अगदी लहान आहे, आणि तो पेटीत आधीपासून आहे. आकड्यांची नुसती जोडी लिहिण्याऐवजी प्रत्येक आकड्यास नाव देऊन, ‘अक्षांश इतका, रेखांश इतका’ असे लिहिले तर लीफलेट आणि मॅपलिब्रे या दोन्ही ते मान्य करतात, आणि मग क्रमाचा प्रश्नच उरत नाही. धडे मात्र बहुतेक ठिकाणी नुसत्या जोडीने दिलेले असतात, कारण अनुभवी माणसास तेवढे पुरते आणि चार अक्षरे वाचतात. चार अक्षरांच्या काटकसरीसाठी आमचे गाव तीन दिवस ध्रुवाजवळ राहिले.

आणखी एक अडथळा जुन्या धड्यांचा. ओपनलेयर्सची तिसरी आवृत्ती २०१४ साली आली, ती जवळजवळ पुनर्लेखन करूनच. आधीच्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या आज्ञा तीत चालेनाशा झाल्या. पण लोकांनी आठ वर्षांत लिहून ठेवलेली उत्तरे आणि उदाहरणे इंटरनेटवर तशीच राहिली. शोध घेणाऱ्यास जुने आणि नवे यांत भेद कळत नाही. रद्द झालेले परिपत्रक कचेरीच्या भिंतीवर टांगलेले राहावे आणि लोकांनी त्याप्रमाणे अर्ज भरून आणावेत, तसा हा प्रकार.

परिपत्रकाचे नाव काढले, तेव्हा माझ्या पेशाविषयी कबुली देणे प्राप्त आहे. वीस वर्षे मी अर्जांचे नमुने आणि सूचनापत्रके लिहीत आलो आहे. ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडून विहित नमुन्यात’ असे लिहिताना तो प्राधिकारी कोण आणि तो नमुना कोणत्या खिडकीवर मिळतो हे मला माहीत असते, म्हणून लिहावयाचे सुचत नाही. खिडकीपुढे उभा असलेला मनुष्य अज्ञानी आहे, असे मानणे सोपे असते. वस्तुतः त्यास जे ठाऊक नाही ते मीच सांगावयाचे राहिलेले असते. भाच्याच्या खुर्चीमागे उभा राहून मी दुसऱ्या कोणाच्या तरी सूचनापत्रकापुढे तसाच अडलो, तेव्हा मला आमच्या कचेरीबाहेरच्या बाकावरील माणसांची आठवण झाली. त्यानंतर मी एक नियम केला आहे. नवा नमुना निघाला की तो प्रथम आमच्या शिपायाच्या मुलीकडून भरून घ्यावयाचा, आणि ती जेथे थांबेल तेथे मजकूर बदलावयाचा. मी तिला मदत करीत नाही; नुसता पाहतो. मदत केली की कागद कोठे लंगडतो ते कळत नाही.

लायब्ररी सोपी करावयाची याचा अर्थ तिच्यातील हत्यारे काढून टाकावयाची असा मात्र काही जण घेतात, आणि जाणकार मंडळी त्यामुळेच बिथरतात. त्यांचे म्हणणे निराधार नाही. ओपनलेयर्स मीटरांचा आग्रह धरते, कारण पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट आहे; गोलाची साल सपाट करण्याच्या अनेक रीती आहेत, आणि ज्यास जमिनीचे क्षेत्रफळ अचूक हवे त्यास रीत निवडण्याची मोकळीक हवीच. ही अडचण विषयाच्या पोटातील आहे. ती लपवली तर नकाशा खोटा होईल. परंतु उंची न सांगितल्याने कोरा राहणारा पडदा ही विषयाची अडचण नव्हे; तो निव्वळ निष्काळजीपणा आहे. कोणती अडचण विषयाने घातली आणि कोणती आपण घातली, हे निवडून काढणे हेच या कामातील खरे कौशल्य असे मला वाटते, आणि ते एकट्या जाणकारास साधत नाही.

लीफलेटच्या लोकप्रियतेचे कारणही मला येथेच दिसते. तिच्या कर्त्याने पेटीत काय घालावयाचे यापेक्षा काय घालावयाचे नाही याचा विचार अधिक केला. दाबून बसवल्यावर तिचे वजन सुमारे ४२ किलोबाइट भरते. मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राच्या तुलनेतही ते किरकोळ आहे. बाकीच्या गरजा ज्यांच्या त्यांनी वेगळ्या पुरवण्या जोडून भागवाव्यात अशी सोय ठेवली. पहिल्या दहा ओळींत नकाशा उमटतो, अकराव्या ओळीत त्यावर खूण येते. शिकणाऱ्यास पहिल्या पाव तासात आपल्या हातून काहीतरी घडले असे वाटले, तर पुढचे कष्ट तो आनंदाने करतो. म्हणून पहिला धडा कोणत्या शहराचा असावा हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. ‘येथे आपल्या गावाचे नाव आणि आकडे लिहा’ असे सांगणारी एक मोकळी ओळ तेथे हवी. आणि पडदा निळा झाला तर काय समजावे, हे सांगणारी दुसरी.

आपल्या लिप्यांची अडचण याहून गहन आहे. लीफलेटमध्ये खुणेवर टिचकी मारली की जी चिठ्ठी उघडते तीतील मजकूर ब्राउझर स्वतः लिहितो, त्यामुळे मराठी निर्दोष उमटते. मॅपलिब्रेची रीत निराळी. ती नकाशावरील नावे स्वतःच, एकेक अक्षरखूण सुटी घेऊन रंगवते. रोमन लिपीस हे चालते. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी येते, आणि जोडाक्षरात दोन खुणांचे एक रूप होते. सुट्या खुणा मांडत गेल्यास वेलांटी भलत्या बाजूस जाते आणि ‘क्ष’ चे तुकडे पडतात. कानडीचीही हीच दुर्दशा. ही उणीव कित्येक वर्षांची आहे. तिच्यावर निरनिराळ्या मार्गांनी काम झालेले आहे आणि प्रयोग चालूही आहेत. पण विचार करावा: कोल्हापूरच्या किंवा कोलारच्या विद्यार्थ्याने आपल्या गावाचे नाव मोडके उमटलेले पाहिले, तर तो यंत्रास दोष देण्यापूर्वी स्वतःस दोष देईल. ‘ही उणीव आमची आहे, तुमची नव्हे’ एवढे एक वाक्य पहिल्या पानावर असले तरी त्याची एक रात्र वाचेल.

ओघात एक कायदेशीर सूचना. १९६१ च्या एका कायद्यान्वये भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. जागतिक फरशांवर सरहद्दी निराळ्या असू शकतात. होसकोट्याच्या तळ्यांचा नकाशा काढणाऱ्याच्या हे स्वप्नातही नसते. परंतु पाहणारा पायऱ्या उतरून दूर गेला की सारा देश पडद्यावर येतो. किती दूर जाऊ द्यावयाचे याची मर्यादा घालण्याची आज्ञा तिन्ही पेट्यांत आहे. भाच्यास मी ती घालावयास लावली. त्याच्या कामात माझा हातभार असा एवढाच.

मुक्त प्रकल्पांत अलीकडे एक चांगली चाल पडली आहे. करावयाच्या कामांच्या यादीत जी कामे नवख्यास झेपतील त्यांवर तशी चिठ्ठी लावून ठेवतात, म्हणजे नव्या माणसाने कोठून आरंभ करावा हे त्यास कळते. मला या चालीत एक भर सुचवाविशी वाटते. नवखा जोवर नवखा आहे तोवरच त्याच्याकडून धडा तपासून घ्यावा. पंधरवड्याने तोही जाणता होतो, आणि मग त्यास काही दिसत नाही. माझ्या भाच्याने अकराव्या दिवशी, काम संपल्याबरोबर, आपण कोठे कोठे पडलो त्याची यादी लिहून काढली. महिन्याभराने तीच यादी त्यास वाचावयास दिली, तेव्हा त्यातील निम्म्या गोष्टींवर तो हसला. “हे काय सांगायला पाहिजे, मामा?” असे त्याने मला विचारले. मी ती यादी त्याच्या हातून काढून घेतली. पुढल्या वर्गातील मुलांसाठी आता तीच मराठी आणि कानडी अशा दोन भाषांत, एका पानावर छापून ठेवली आहे.

नकाशा पुरा झाला त्या संध्याकाळी शेजारच्या आजी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून याच मुलखातले. मराठी घरची, तिला कानडीचे वळण. भाच्याने त्यांच्यापुढे मोबाइल धरून तळी दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिले, आणि मग विचारले, “अरे, मोठ्या तळ्याच्या कट्ट्याखालची मुनेश्वराची देवळी कुठाय ह्यात?” ती त्यात नव्हती. भाच्याने पडद्यावर कट्टा मोठा करून दिला. आजींनी चष्मा पुसून एका झाडाजवळ बोट ठेवले, आणि त्याने तेथे खूण उमटवून नाव लिहिले. ‘श्व’ नीट जोडून आला. आजींनी ते अक्षर-अक्षर वाचले. मग बोट तसेच पुढे सरकवीत त्या म्हणाल्या, “आणि इथून आम्ही धुणं घेऊन पाण्यावर उतरत होतो, ती वाट?” ती वाट नकाशात नव्हती. भाच्याने वही पुन्हा उघडली.